न येणाऱ्यांच्या जिवावर

"वार्षिक मेंबरशिप २१,६०० रुपये, आज फक्त ८,९९९. शेवटच्या ७ जागा!" हा मेसेज आला तेव्हा मी ऑफिसच्या बसमध्ये होते. पाठवणारी जिम आमच्या घरापासून चालत सहा मिनिटांवर आहे. कसबा पेठेच्या कडेला एक जुना वाडा पाडून उभी राहिलेली इमारत, खाली मोबाइलचं दुकान, वर काचेमागे ओळीनं मांडलेल्या ट्रेडमिल. दोन दिवसांनी तोच मेसेज पुन्हा आला. जागा अजूनही सातच होत्या.

मी फॉर्म मागवला. व्हॉट्सॲपवर पीडीएफ आली, तिच्या शेवटी दीड पान अटी. माझं काम दिवसभर दुसऱ्यांनी लिहिलेला कोड वाचून त्यात कुठे काय फुटेल हे शोधायचं, त्यामुळे बारीक अक्षर दिसलं की वाचल्याशिवाय राहवत नाही. रात्री जेवताना एकेक अट मोठ्यानं वाचत होते. फी परत मिळणार नाही. मेंबरशिप दुसऱ्याच्या नावावर करायची तर वेगळे पैसे. सुट्टी हवी असेल तर वर्षातून एकदाच, पंधरा दिवस, तीही आठवडाभर आधी लेखी कळवून. वेळा, जागा, उपकरणं आणि ट्रेनर पूर्वसूचना न देता बदलण्याचा हक्क व्यवस्थापनाकडे राखीव.

आजोबा शहाऐंशी वर्षांचे आहेत. ऐकू कमी येतं, पण नको तेवढं बरोबर ऐकू येतं. भाकरी मोडता मोडता त्यांनी विचारलं, "आणि नाही गेलीस तर काय करतात?"

"काही नाही करत, आजोबा."

"काहीच नाही? मग अगं, त्यांना तू यायलाच नको आहेस."

मी हसले. पण ते वाक्य डोक्यातून जाईना, आणि पुढचे दोन-तीन आठवडे मी व्यायाम सोडून व्यायामाचा इतिहास वाचत बसले. (व्यायाम टाळण्याचा हा प्रकार माझ्या खास आवडीचा आहे.)

आजोबा ज्या तालमीत गेले ती आमच्या गल्लीपासून फार लांब नाही. ते साधारण तेरा-चौदा वर्षांचे असताना, म्हणजे पन्नासच्या दशकाच्या सुरुवातीला जायला लागले. फी किती होती असं मी विचारलं, तर त्यांना प्रश्नच कळला नाही. गुरुपौर्णिमेला वस्तादांपुढे नारळ ठेवायचा, ऐपत असेल तर वर काही. मारुतीला शनिवारी तेल. मग तालीम चालायची कशावर? "आमच्यावर," ते म्हणाले.

हे त्यांनी मला नीट समजावून सांगितलं, कारण मला हौदा म्हणजे वाळूचा खड्डा असतो असं वाटायचं. कुस्तीच्या हौद्यातली माती जिवंत ठेवावी लागते. लाल माती चाळून घ्यायची, तिच्यात ताक, तेल, हळद, लिंबाचा रस घालायचा, आणि मग ती रोज खोऱ्यानं उकरायची. दोन-चार दिवस कोणी उकरली नाही तर ती बसते, घट्ट होते, आणि घट्ट मातीवर पाठ टेकली की पैलवानाची हाडं मोजून निघतात. म्हणून पहाटे आधी माती उकरणं, मग जोर-बैठका, मग लढत. उकरणं हासुद्धा व्यायामच. लहान पोरांनी पाणी भरायचं, मोठ्यांनी धाकट्यांना डाव दाखवायचे, आणि लढतीसाठी प्रत्येकाला आपल्या वजनाचा आणि ताकदीचा एक जोड लागायचा. तो आला नाही तर तुमची सकाळ फुकट. आजोबांचा जोड सलग दोन दिवस आला नाही, तेव्हा वस्तादांनी चार पोरं त्याच्या घरी पाठवली. त्याच्या आईला वाटलं भांडण झालं आहे.

म्हणजे तालमीतही अटी होत्याच, फक्त कागदावर नव्हत्या. फी म्हणून जे द्यायचं ते होतं तुमचं रोजचं येणं. एक माणूस गैरहजर राहिला की तालमीचं नुकसान व्हायचं, मातीचं आणि जोडीदाराचं. जिमचं अर्थशास्त्र याच्या बरोबर उलट आहे आणि आजोबांनी ते भाकरी मोडता मोडता पकडलं होतं.

अर्थशास्त्रज्ञांना ते पकडायला आकडे लागले. स्टेफानो डेलाविन्या आणि उल्रिके मालमेंडिअर या दोघांनी अमेरिकेतल्या तीन जिमच्या ७,७५२ सभासदांच्या हजेरीच्या नोंदी तपासल्या आणि २००६ साली 'अमेरिकन इकॉनॉमिक रिव्ह्यू'मध्ये निबंध छापला. निबंधाचं नाव मराठीत सांगायचं तर 'जिमला न जाण्यासाठी पैसे मोजणं'. महिन्याला ७० डॉलरहून जास्त देणारे सभासद महिन्यातून सरासरी ४.३ वेळा येत होते. म्हणजे एका खेपेला १७ डॉलरपेक्षा जास्त पडत होते. त्याच जिममध्ये दहा खेपांचा पास होता, त्यात एक खेप १० डॉलरला पडायची. लोक मूर्ख नव्हते. त्यांनी वर्गणी भरली ती आपण पुढच्या महिन्यापासून जसे होणार आहोत त्या माणसासाठी, आणि तो माणूस आलाच नाही.

माझ्या कामात याला एक नाव आहे. शंभर ग्राहकांना प्रत्येकी शंभर जीबी जागा विकायची, पण सर्व्हरमध्ये प्रत्यक्ष तीन हजार जीबीचीच डिस्क बसवायची, कारण सगळे एकाच वेळी पूर्ण जागा वापरणार नाहीत हे माहीत असतं. आम्ही त्याला थिन प्रोव्हिजनिंग म्हणतो आणि त्यात लबाडी मानत नाही. जिमही तेच करते. फरक इतकाच की सर्व्हर विकणारा तुम्ही जागा वापरू नये म्हणून सवलत देत नाही.

तर प्रश्न असा, की तालमीपासून इथपर्यंत आपण आलो कसे.

तालीम हा शब्द अरबी, अर्थ शिक्षण. नाटकवाले अजून त्याच अर्थानं वापरतात. वस्ताद हा उस्तादाचा मराठी अवतार. पेशवाईत पुण्यातल्या तालमींना आश्रय होता. दुसऱ्या बाजीरावाच्या पदरी असलेल्या बाळंभट दादा देवधर यांचं नाव मल्लखांबाशी कायमचं जोडलेलं आहे. त्यांची कथा अशी सांगतात, की बाहेरून आलेल्या अली आणि गुलाब या पैलवानांनी दरबाराला आव्हान दिलं, आणि पोरसवदा बाळंभटांनी मुदत मागून घेऊन, लाकडी खांबावर पकडींचा सराव करून त्यांतल्या एकाला लोळवलं. शनिवारवाडा आमच्या गच्चीवरून दिसतो, त्यामुळे ही गोष्ट मी लहानपणापासून ऐकलेली आहे. आता ऐकताना लक्ष दुसरीकडे जातं, ते म्हणजे खुराकाचे पैसे कोण देत होतं. दूध, तूप, बदाम हे सगळं धनी द्यायचा, आणि बदल्यात पैलवानानं धन्याचं नाव राखायचं. १८१८ मध्ये पेशवाई गेली, बाजीराव बिठूरला गेला आणि पुण्यातला मोठा धनीच संपला. कोल्हापूरचं नशीब वेगळं. तिथे शाहू महाराजांनी कुस्तीला असा हात दिला, की १९१२ मध्ये खास कुस्तीसाठी खासबाग मैदान उभं राहिलं.

पुण्यात धनी गेल्यावर तालमी पेठांच्या झाल्या. गुरुजी तालीम, चिंचेची तालीम, खालकर तालीम, गुळशे तालीम, निंबाळकर तालीम, कुंजीर तालीम, नगरकर तालीम. पुण्यात राहणाऱ्याला ही नावं गणपतीमुळे पाठ असतात. मानाचा तिसरा गणपती गुरुजी तालमीचा, १८८७ पासूनचा, म्हणजे टिळकांच्या १८९३ च्या आधीचा. हिंदू आणि मुसलमान कुटुंबांनी मिळून तो बसवला होता. या तालमी आज बहुतेक मंडळं किंवा ट्रस्ट आहेत. नाव टिकलं, काहींची माती गेली, काहींमध्ये फरशीवर बेंचप्रेस आला.

आमच्या भागातल्या मातीला तर पाण्यानंच नेलं होतं. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं आणि नदीकाठच्या पेठांमध्ये पाणी शिरलं. आजोबा तेव्हा एकवीस-बावीस वर्षांचे. पाणी ओसरल्यावर हौद्यात कमरेइतका काळा गाळ होता. तो पोरांनी घमेल्यांनी उपसला आणि नवी लाल माती गाडीतून आणून टाकली. पैसे कुठून आले हे त्यांना आठवत नाही. घमेल्यांची रांग आठवते, आणि गाळात सापडलेला कुणाचा तरी तांब्याचा बंब. तो तांबट आळीत नेऊन दाखवला तर ज्यानं घडवला त्यानं ओळखला.

इथपर्यंत लिहिल्यावर मला थांबावं लागतं, कारण ही गोष्ट फार गोड व्हायला लागली आहे आणि मी त्या तालमीत आयुष्यात एकदाही आत गेलेले नाही.

मुली जात नाहीत. पाटी नाही, नियम छापलेला नाही, कोणी अडवलंही नसतं कदाचित. पण लहानपणी दारातून डोकावले तर आतून कोणीतरी "ए पोरी, घरी जा" म्हटलेलं पक्कं आठवतं. आत लंगोटातले पुरुष, भिंतीवर मारुती, ब्रह्मचर्याचे नियम. कागदावर न लिहिलेल्या अटींची हीच गंमत असते. त्या फक्त आतल्या माणसाला उदार वाटतात. फी नव्हती हे खरं, पण प्रवेश कोणाला हे पेठ, जात आणि लिंग ठरवत होतं. ठरावीक आळीची ठरावीक तालीम असायची आणि दलित मुलगा कुठल्याही हौद्यात सहज उतरू शकत नव्हता.

म्हणूनच लहुजी साळवे यांची तालीम मला पुण्याच्या इतिहासातली फार मोठी गोष्ट वाटते. लहुजींचा जन्म १७९४ चा, मातंग समाजातला. त्यांचे वडील राघोजी हे १८१७ च्या खडकीच्या लढाईत इंग्रजांविरुद्ध लढताना पडले असं सांगितलं जातं. लहुजींनी गंज पेठेत तालीम चालवली. जोतीराव फुले दांडपट्टा आणि नेमबाजी लहुजींकडे शिकले. वासुदेव बळवंत फडके यांचं नावही त्यांच्या शिष्यांत घेतलं जातं. माळी मुलगा आणि ब्राह्मण तरुण एका मातंग वस्तादापुढे वाकतो, हे त्या काळच्या पुण्यात किती उलटंपालटं असेल, याची कल्पना करून पाहा. पुढे फुल्यांच्या शाळांत आपल्या समाजाची मुलं यावीत म्हणून लहुजी घरोघर फिरले. तिथे प्रवेशाची अट कोणी आणि कशी बदलली, हे मला कुठल्याही डावापेक्षा जास्त महत्त्वाचं वाटतं.

मेंबरशिप ही कल्पना मात्र तालमीतून आली नाही. ती जिमखान्यातून आली. साहेबांच्या क्लबमध्ये छापील नियम, प्रवेश फी, वार्षिक वर्गणी आणि सभासदांची यादी असायची, आणि यादीत आपल्याला जागा नव्हती. मग आपण आपले जिमखाने काढले. मुंबईच्या समुद्राकाठी पारशी, हिंदू, इस्लाम अशी धर्मवार जिमखान्यांची रांग आजही उभी आहे. पुण्यात १९०६ मध्ये डेक्कन जिमखाना निघाला. १९१४ मध्ये अमरावतीत वैद्य बंधूंनी हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ सुरू केलं, आणि १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी तिथल्या पथकानं भारतीय व्यायामांची प्रात्यक्षिकं करून दाखवली. १९२४ मध्ये पुण्यात कॅप्टन शिवरामपंत दामले यांनी महाराष्ट्रीय मंडळ काढलं. बडोद्यात करंदीकर मुजुमदारांनी १९३६ पासून व्यायाम ज्ञानकोशाचे दहा खंड काढले. जे तोंडी होतं ते छापील झालं. नियम भिंतीवर लागले, आणि भिंतीवर लागलेला नियम बाहेरचा माणूसही वाचू शकतो, त्यावर वाद घालू शकतो. वर्गणी होती, पण ती संस्था चालावी म्हणून. नफा कोणाच्या खिशात जात नव्हता.

सरकारला या सगळ्याची धास्ती होती ती वेगळ्याच कारणासाठी. चापेकर बंधूंनी शारीरिक आणि लष्करी शिक्षणासाठी मंडळी जमवली होती, आणि २२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंडीत रँडवर गोळ्या झाडल्या गेल्या. १९१८ च्या रौलेट समितीच्या अहवालात त्यांच्या मंडळाचा उल्लेख अगदी सुरुवातीलाच येतो. त्या काळी व्यायामशाळेत कोण आलं यावर पोलिसांची नजर असायची. आता अॅपची असते.

धंदा म्हणून व्यायाम विकण्याची कला आपल्याकडे बहुधा सँडोच्या रूपानं दिसली. युजीन सँडोनं १८९७ मध्ये लंडनमध्ये आपली संस्था उघडली. तिथे फी भरून शिकता येई आणि लांबच्या गिऱ्हाइकांसाठी टपालानं कोर्स आणि डंबेल. १९०४-०५ मध्ये तो हिंदुस्थानात प्रयोग करून गेला. सँडोला हे समजलं होतं, की माणसं व्यायामाआधी स्वतःचं एक चित्र विकत घेतात. मुंबईत विष्णू तळवलकरांनी १९३२ मध्ये पहिली जिम काढली. त्यातून पुढे घराघरात माहीत असलेलं मराठी नाव उभं राहिलं. व्यवसाय वाढला, कंपनी झाली, २०१० मध्ये शेअर बाजारात आली. २०१९ मध्ये त्याच कंपनीनं कर्जरोख्यांवरचं व्याज चुकवलं, प्रकरण दिवाळखोरीकडे गेलं आणि शाखांची शटर खाली आली. ज्यांनी वर्षाचे पैसे आगाऊ भरले होते त्यांच्या हातात पावती राहिली. सत्त्याऐंशी वर्षांचं नावही आगाऊ भरलेल्या फीची हमी देऊ शकत नाही, एवढं माझ्या डोक्यात त्यातून पक्कं बसलं.

आणि लगेच पुढच्या मार्चमध्ये कोविड. महाराष्ट्रातल्या जिम मार्च २०२० मध्ये बंद झाल्या त्या २५ ऑक्टोबरला, दसऱ्याच्या दिवशी उघडल्या. सात महिने. कोणी मुदत वाढवून दिली, कोणी दिली नाही, काही पुन्हा उघडल्याच नाहीत. आजोबा त्या दिवसांत गच्चीवर सूर्यनमस्कार घालायचे. औंध संस्थानच्या भवानराव पंतप्रतिनिधींनी आपल्या संस्थानातल्या शाळांत सूर्यनमस्कार सक्तीचे केले होते. त्याला जागा लागते सहा फूट आणि फी शून्य. मी खाली खोलीत लॅपटॉपवर.

परत माझ्या पीडीएफकडे येते. आकडेमोड सोपी होती. ८,९९९ वर ५०० प्रवेश फी आणि ५ टक्के जीएसटी धरून ९,९७४ रुपये. (२२ सप्टेंबर २०२५ पर्यंत हाच जीएसटी १८ टक्के होता. अजून जुनाच दर लावलेला दिसला तर बिल परत करा.) महिन्याची फी १,८००, करासह १,८९०. म्हणजे मी सहा महिने टिकले तर वर्षाचा प्लॅन फायद्याचा, पाचात सोडलं तर तोट्याचा. मग प्रश्न एवढाच, की मी किती टिकते. याचं उत्तर माझ्या फोनमध्ये होतं. दोन वर्षांपूर्वी दुसऱ्या एका जिममध्ये मी तीन महिन्यांचे ४,५०० भरले होते. फोनच्या लोकेशन नोंदी काढल्या. पहिल्या महिन्यात चौदा वेळा, दुसऱ्यात चार, तिसऱ्यात एकदा. एकोणीस खेपा, एका खेपेला २३७ रुपये. शेवटच्या खेपेला मी बहुतेक विसरलेली पाण्याची बाटली आणायला गेले होते.

पण खरी अट तिसरी होती आणि ती मी पहिल्या वाचनात ओलांडून गेले होते. सवलतीचा हा प्लॅन 'नॉन-पीक' वेळेसाठी, सकाळी ११ ते दुपारी ४. नोकरी करणाऱ्या बाईला ती ऑफिसात असते नेमके ते पाच तास स्वस्तात विकत होते. मी काउंटरवर गेले. तिथला मुलगा माझ्याच वयाचा, वागायला चांगला. "मॅडम, ते नुसतं लिहायचं असतं. तुम्ही कधीही या, कोणी बघत नाही." मी त्याला चौदावी अट दाखवली, कर्मचाऱ्यांनी दिलेली तोंडी आश्वासनं व्यवस्थापनावर बंधनकारक नाहीत. त्यानं ती वाचली. माझा अंदाज आहे, पहिल्यांदाच.

त्याच्यावर राग आला नाही. तो पगारी, महिन्याला इतक्या मेंबरशिप विकायचं टार्गेट त्याच्या डोक्यावर. वस्तादालाही पोट होतं, पण वस्तादाचा शब्द हीच तालमीची घटना होती. इथे शब्द देणारा एक आणि कागद लिहिणारा दुसरा, आणि कागदात आधीच लिहून ठेवलं आहे की शब्दाला किंमत नाही.

२० जुलै २०२० पासून लागू झालेल्या ग्राहक संरक्षण कायद्यात 'अन्याय्य करार' अशी व्याख्या पहिल्यांदा आली. एका बाजूला वाजवी कारणाशिवाय करार मोडण्याची मुभा, करारभंगाला न झेपणारा दंड, ग्राहकाला तोट्यात टाकणाऱ्या अवाजवी अटी हे सगळं तिच्यात येतं. वाचून बरं वाटतं. पुढे वाचलं तर कळतं, की करार अन्याय्य आहे अशी तक्रार जिल्हा आयोगाकडे चालत नाही, त्यासाठी राज्य आयोगाकडे जावं लागतं. नऊ हजारांच्या जिमसाठी कोण जाणार? सेवेतल्या त्रुटीची तक्रार मात्र जिल्हा आयोगाकडे करता येते, पाच लाखांपर्यंतच्या रकमेला फी लागत नाही, आणि १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे. आणि त्या 'शेवटच्या ७ जागां'नाही सरकारी नाव मिळालेलं आहे. ऑनलाइन विक्रीतल्या अशा फसव्या क्लृप्त्यांविरुद्ध केंद्रीय प्राधिकरणानं नोव्हेंबर २०२३ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यातल्या तेरा प्रकारांत पहिलाच प्रकार खोटी घाई लावण्याचा आहे.

एवढं सगळं करून मी जिमच्या विरोधात आहे का? नाही. तिथे दारातून कोणी मला घरी जा म्हणालं नाही. पैसे घेतले, कार्ड दिलं, जात विचारली नाही, आळी विचारली नाही. महाराष्ट्र केसरी १९६१ मध्ये सुरू झाली आणि पहिली महिला महाराष्ट्र केसरी २०२३ मध्ये सांगलीत झाली. प्रतीक्षा बागडी जिंकली. मध्ये बासष्ट वर्षं गेली. त्या बासष्ट वर्षांत आमच्या पेठेतल्या एखाद्या मुलीला वजन उचलावंसं वाटलं असेल, तर मातीनं तिला घेतलं नसतं आणि बाजारानं घेतलं, तेही तिच्याकडे पैसे आल्यावर. खाशाबा जाधवांना १९५२ च्या हेलसिंकीला जाता यावं म्हणून त्यांच्या प्राचार्यांनी, खर्डेकरांनी, घर गहाण टाकलं होतं. ते कांस्यपदक घेऊन आले. असं घर कोणी मुलीसाठी त्या काळी टाकलं असतं का, हे मी आजोबांना विचारलं. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "तुझी आत्या आम्हा सगळ्यांपेक्षा दणकट होती. घागरी दोन-दोन आणायची. तिला कधी कोणी बैठका काढायला सांगितलं नाही."

आत्याला जाऊन आता सहा वर्षं झाली. गुडघ्यांनी तिला शेवटी घरातच बसवलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी परत काउंटरवर गेले आणि महिन्याचा प्लॅन घेतला, सकाळी साडेसहाचा, पूर्ण दरानं. प्रवेश फी काढून टाकायला सांगितली. त्यानं मालकाला फोन लावला आणि ती माफ झाली. चौदावी अट पेनानं खोडून त्यावर सही मागितली, तेव्हा तो म्हणाला, "ती कॉम्प्युटरमध्येच आहे मॅडम, खोडता येत नाही." मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे हे त्याला सांगायचं टाळलं. शेवटी पावतीच्या मागे वेळ लिहून घेतली, सकाळी ६.३०, आणि खाली त्याची सही. फोटो काढून ठेवला आहे.

सकाळी तिथे आम्ही सात-आठ जण असतो. ट्रेडमिल बारा आहेत. माझ्या शेजारच्या मशीनवर साधारण पन्नाशीच्या एक बाई असतात, बोहरी आळीत त्यांचं दुकान आहे. मी दोन दिवस गेले नाही, तर तिसऱ्या दिवशी त्यांनी विचारलं, "काय गं, आजारी होतीस?" आजोबांना हे सांगितल्यावर त्यांनी त्या बाईंचं वजन किती असेल असं विचारलं. जोड म्हणून.

महिना संपायला नऊ दिवस आहेत. आत्तापर्यंत अकरा वेळा गेले, खेपेला १७२ रुपये पडले. काल पुन्हा ऑफर आली आहे, शेवटच्या ७ जागांची.